पिस्तुलाच्या बाजूला पट्टा सारखा खाली ओढला जातो? आवळण्याआधी हे तपासा

"पट्टा कितीही आवळला तरी तासाभरात उजवी बाजू खाली येते." परवान्याचं पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर कमरेला लावणाऱ्यांकडून ही तक्रार मी सतत ऐकतो. सांगणारा कधी सराफ असतो, कधी बाजार समितीतून रोकड घेऊन जाणारा अडत्या, कधी साध्या वेशातला अंगरक्षक. कुणाला गाडीतून उतरलं की पँट वर ओढावी लागते. कुणाच्या शर्टातून मुठीचा फुगवटा दिसतो. कुणाचं होल्स्टर, म्हणजे शस्त्र ठेवायचं म्यान, सकाळी खुब्यावर असतं आणि दुपारपर्यंत पाठीमागे गेलेलं असतं. उपाय मात्र सगळ्यांनी एकच केलेला असतो: पट्टा आणखी एक भोक पुढे. मग पोटाला वळ उठतात आणि चार दिवसांनी पुन्हा तेच. नवा पट्टा आणला तरी तेच.

मी चामड्याचे पट्टे शिवतो. लोक जुना पट्टा सोबत घेऊनच येतात आणि तो हातात आला की दोष बहुधा लगेच दिसतो. ढिलेपणा हे मूळ दुखणं नसतंच. एक तर पट्टा वजनाखाली पिळला जातो, नाहीतर पट्टा, पँटची लुप्पी (पट्टा ओवायची कापडी कडी) आणि होल्स्टरची क्लिप या तिघांची रुंदी एकमेकांशी जुळत नाही. पुष्कळदा दोन्ही. आवळल्याने यातलं काहीच सुटत नाही. उलट जास्त आवळलेला पट्टा मऊ होल्स्टरचं तोंड दाबून बंद करतो आणि मग खरा धोका सुरू होतो. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

आधी एक गोष्ट. खाली ज्या तपासण्या सांगितल्या आहेत, त्या सगळ्या रिकाम्या शस्त्रावर करायच्या. मॅगझिन (मुठीतली काडतुसांची पेटी) काढा, चेंबर (नळीच्या मागचं काडतुसाचं घर) डोळ्यांनी बघा आणि बोटानेही चाचपा. रिव्हॉल्व्हर असेल तर सिलिंडर उघडून सगळी घरं रिकामी असल्याची खात्री करा. काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवा. पट्ट्याच्या दुकानात, शिंप्याकडे किंवा माझ्यासारख्या कारागिराकडे शस्त्र आणू नका. रिकामं होल्स्टर आणि नेहमीची पँट एवढंच पुरतं.

कायद्याच्या दृष्टीनेही हा विषय तितकाच गंभीर आहे. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी हँडगन, म्हणजे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर, न्यायची तर ती अंगाला लावलेल्या, त्याच कामासाठी बनवलेल्या होल्स्टरमध्ये किंवा पाठपिशवीसारख्या साधनात हवी, पूर्ण झाकलेली हवी आणि बाळगणाऱ्याचा तिच्यावर परिणामकारक ताबा हवा. शर्ट वर सरकून मूठ उघडी पडली तर नियम मोडला. आणि जो माणूस दर दहा मिनिटांनी कमरेशी हात नेऊन पट्टा सावरतो, त्याचं शस्त्र झाकलेलं असूनही सगळ्या बाजाराला कळलेलं असतं.

पट्टा पिळला जातो म्हणजे काय होतं

वजन फार नसतं. कानपूरच्या कारखान्यातून २०१४ मध्ये आलेलं 'निर्भीक' हे ०.३२ बोअरचं हलकं रिव्हॉल्व्हर सुमारे ५०० ग्रॅमचं आहे. नेहमीची पोलादी रिव्हॉल्व्हर पाऊण किलोच्या आसपास जातात. अमेरिकेत सर्रास दिसणारं ग्लॉक १९ हे पिस्तूल पंधरा गोळ्या भरून साधारण ८५० ग्रॅम भरतं. एवढं वजन कुठलाही बरा पट्टा न तुटता पेलतो. त्रास होतो तो वजन कुठे टांगलं आहे यामुळे.

होल्स्टर कमरेच्या बाहेर लावलं तर शस्त्राचं वजन पट्ट्याच्या रेषेपासून दोन-तीन सेंटिमीटर बाहेर येतं. पिस्तुलात भरलेलं मॅगझिन मुठीत असतं आणि मूठ पट्ट्याच्या वर. म्हणजे जड भाग वर आणि बाहेर. तो बाहेर कलंडायला बघतो. पट्ट्याची वरची कड बाहेर ओढली जाते, खालची कड अंगात रुतते. पट्टा मऊ असेल तर होल्स्टरखालचा वीतभर भाग पन्हळीसारखा वळतो आणि एकदा वळला की मूठ शर्टाला बाहेर ढकलते. तुम्हाला मात्र पट्टा ढिला झाल्यासारखं वाटतं. रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर जाड असला तरी तो साधारण पट्ट्याच्या उंचीवरच येतो, त्यामुळे कलंडणं जरा कमी असतं. जाडीचा फुगवटा मात्र राहतो.

तपासायची रीत सोपी आहे. पट्टा काढा. होल्स्टर जिथे असतं, तिथला वीतभर भाग हातात घ्या. वरची कड आणि खालची कड अंगठा आणि बोटांमध्ये धरून एकमेकींकडे दाबा. मधोमध घडी पडली किंवा पट्टा सहज गोलसर वळला तर तो या कामाचा नाही. मग त्याच भागाची दोन टोकं दोन हातांत धरा, एक हात पुढे आणि एक मागे असा फिरवा. चांगला पट्टा थोडा हलतो आणि अडतो. वाईट पट्टा अर्धा वेढा फिरतो आणि सोडला तरी तसाच वाकडा राहतो.

इथे बरेच जण उलटंच पाहतात. दुकानात पट्टा गुंडाळून बघतात आणि कडक गुंडाळला की मजबूत समजतात. लांबीच्या दिशेने पट्टा वाकलाच पाहिजे, नाहीतर तो कमरेला बसणार कसा? ताठपणा हवा तो रुंदीच्या दिशेने, वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत. दोन्ही गोष्टी एकाच पट्ट्यात असणं यातच खरी कारागिरी आहे.

जुना पट्टा बघायचा असेल तर तो एका सपाट टेबलावर कडेवर उभा ठेवा आणि वरून नजर टाका. होल्स्टरच्या जागी कायमचा बाक किंवा पीळ दिसला तर तो पट्टा संपला. कितीही तेल लावा, तो सरळ होणार नाही.

चामडं ओळखताना

बाजारात 'अस्सल लेदर' असा शिक्का मारलेले बरेच पट्टे आतून निराळे असतात. वर चामड्याचा पातळ पापुद्रा, त्यावर रंगाचा प्लास्टिकसारखा थर आणि मध्ये दाबलेला पुठ्ठा किंवा चामड्याचा भुगा डिंकात कालवून केलेला पत्रा. पँट धरून ठेवायला ते चालतात. होल्स्टरच्या वजनाखाली मधला थर महिन्या-दोन महिन्यांत चुरतो आणि वरचा पापुद्रा भोकांपाशी सुटू लागतो. ओळखायचं असेल तर पट्ट्याची चकचकीत बाजू बघू नका, कड बघा. रंगाचा जाड थर देऊन कड लपवली असेल तर भोकाच्या आत बघा, तिथे रंग पोचलेला नसतो. आत तंतू एकसलग दिसले तर ते पूर्ण जाडीचं चामडं. राखाडी, ठिसूळ किंवा रबरासारखा थर दिसला तर पट्टा परत ठेवा.

शिवून घेणार असाल तर कारागिराला तीन गोष्टी स्पष्ट सांगा. पहिली, चामडं पाठीच्या भागाचं हवं. पोटाकडचं चामडं स्वस्त पडतं, पण त्याचे तंतू सैल असतात आणि ते ताणत जातं. पट्ट्याची भोकं लांबट होतात त्यामागे बहुधा हेच कारण असतं. दुसरी, पट्टी एकाच जाड थराची नको, दोन थरांची हवी: साधारण तीन ते साडेतीन मिलिमीटरच्या दोन पट्ट्या पाठीला पाठ लावून चिकटवलेल्या आणि दोन्ही कडांनी शेवटपर्यंत शिवलेल्या. दोन थर एकमेकांना सरकू देत नाहीत, म्हणून पीळ पडत नाही. चिकटवताना पट्टी सपाट न ठेवता कमरेच्या बाकात धरून चिकटवावी लागते, नाहीतर घातल्यावर आतला थर सुरकुततो. तिसरी, चामडं वनस्पतीच्या सालीने कमावलेलं आणि तेल-मेण मुरवलेलं हवं, घोड्याच्या साजाला वापरतात त्या जातीचं. क्रोमच्या क्षारांत कमावलेलं चामडं मऊ आणि लवचीक, बॅगेला आणि बुटाच्या वरच्या भागाला छान, पण या कामाला ढिलं पडतं.

आमच्या कोल्हापूरकडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून चामडं कमावण्याची जुनी परंपरा आहे आणि ते चामडं उत्तम असतं. पण चपलेच्या तळासाठी दाबून कोरडं केलेलं चामडं पट्ट्याला लावू नका. रोज वाकवताना ते बक्कलाच्या घडीपाशी तडकतं. त्याच रीतीने कमावलेलं, पण तेल पाजलेलं चामडं मागा. राज्यात २०१५ च्या कायद्याने गोवंशाच्या कत्तलीवर बंदी आली, त्यानंतर इथल्या कामात म्हशीचं चामडं जास्त दिसतं. ते जाड मिळतं, दाणा ठसठशीत असतो आणि पट्ट्याला चांगलं टिकतं. साजाच्या जातीचं चामडं कानपूरकडूनही येतं. मुंबईकरांनी धारावीत शोधावं. तिथे सायन-वांद्रे रस्त्यालगतच्या दुकानांमागे शिवणारे कारागीर बसलेले असतात. त्यांच्याशी थेट बोललात तर दुकानातल्या तयार पट्ट्यापेक्षा चांगला माल मिळतो.

चामडंच हवं असं नाही. दुहेरी विणीच्या जाड नायलॉनचे, आत कडक प्लास्टिकची पट्टी घातलेले पट्टेही उत्तम काम देतात. पावसात, शेतात, घामाच्या कामात तर ते चामड्यापेक्षा सरस. फक्त एकेरी नायलॉनचा पट्टा घेऊ नका. त्यात ताकद पुष्कळ, ताठपणा शून्य. काही पट्ट्यांत स्प्रिंगच्या पोलादाची पट्टी असते, ती छान ताठ राहते. पण मॉलच्या किंवा न्यायालयाच्या दारातल्या यंत्रापाशी, शस्त्र घरी ठेवून गेलात तरी, ती वाजते. गावठी उपाय म्हणून पट्ट्यात पत्र्याची पट्टी घालणारे भेटतात. पत्रा एकाच जागी मोडतो आणि त्याची धार आतून टाके कापते. हे करू नका.

तीन रुंद्या

हा भाग नीट वाचा, कारण चांगला महाग पट्टा घेऊनही ज्यांचा त्रास गेलेला नाही, त्यांचं उत्तर बहुधा इथे आहे.

होल्स्टर बनवणाऱ्यांचा जगभरचा मोठा बाजार अमेरिकेत आहे आणि तिथे शस्त्रासाठीचा नेहमीचा पट्टा दीड इंच, म्हणजे ३८ मिलिमीटर रुंद असतो. होल्स्टरच्या क्लिपा आणि पट्टा ओवायच्या खाचा त्याच मापाच्या किंवा पावणेदोन इंची येतात. आपल्याकडे ऑफिसच्या पँटीवर घालायचे पट्टे मात्र ३० किंवा ३५ मिलिमीटरचे. म्हणजे ३८ किंवा ४५ मिलिमीटरच्या खाचेत ३० मिलिमीटरचा पट्टा. मधली मोकळी जागा बोटभर. त्या जागेत होल्स्टर वर-खाली होतं, पुढे-मागे सरकतं आणि कलंडतं. पट्टा आवळून ही जागा कमी होत नाही.

कमरेच्या आत लावायच्या होल्स्टरमध्ये हे जास्त वाईट. त्याच्या क्लिपेला खाली एक आकडा असतो, तो पट्ट्याच्या खालच्या कडेखाली अडकायला हवा. पट्टा अरुंद असेल तर आकडा हवेत राहतो. मग शस्त्र काढताना होल्स्टरही त्याबरोबर बाहेर येतं. ज्याने हे एकदा पाहिलं आहे, त्याला समजावून सांगायला लागत नाही. तपासणी अशी: पँट, पट्टा आणि रिकामं होल्स्टर घाला. शस्त्र नको. होल्स्टरचं तोंड पकडून सरळ वर जोरात ओढा. क्लिप पट्ट्यावरून निसटली तर ते साधन आज बंद.

म्हणून पट्टीने तीन मापं घ्या आणि कागदावर लिहा: पट्ट्याची रुंदी, होल्स्टरच्या खाचेची किंवा क्लिपेची आतली उंची आणि पँटच्या लुप्पीची आतली उंची. पहिल्या दोन मापांत दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. काही होल्स्टरांबरोबर खाच लहान करणारे प्लास्टिकचे तुकडे मिळतात. लोक ते डब्यातच ठेवून देतात. ते लावा. लुप्पीचं माप पट्ट्यापेक्षा पाच-सहा मिलिमीटर जास्त हवं, कारण दोन थरांचा पट्टा जाड असतो आणि बक्कलाकडे तर तो दुप्पट होतो.

माझं मत विचाराल तर ३८ मिलिमीटरचाच पट्टा घ्या आणि पँट त्याला जुळवा. ३२ मिलिमीटरचा चांगला पट्टा सुटाखाली हलक्या शस्त्राला चालतो, पण तेव्हा क्लिपही ३२ चीच हवी.

शिंपी तुमचं अर्धं काम करतो

पट्टा पँटला धरून असतो आणि पँट लुप्प्यांनी पट्ट्याला. तयार पँटीला बऱ्याचदा पाचच लुप्प्या असतात: दोन पुढे, दोन बाजूच्या शिवणीमागे, एक पाठीवर. नेमकी होल्स्टरची जागा दोन लुप्प्यांच्या मधल्या लांब मोकळ्या भागात येते आणि तिथे कापड लोंबतं. शिंप्याकडे जा आणि होल्स्टरच्या पुढे एक, मागे एक अशा दोन जास्तीच्या लुप्प्या लावून घ्या. होल्स्टर त्या दोघींमध्ये अडकून बसतं, सरकायचं थांबतं. लुप्पी कमरपट्टीच्या शिवणीत आत घालून शिवायला सांगा, वरून ठोकलेली लुप्पी उसवते. कमरपट्टीत बक्रम (आतलं कडक अस्तर) जाड घालायला सांगा. नव्या पँटीला हे सगळं फारसा खर्च न वाढवता होतं. शिंप्याला कारण सांगायची गरज नाही, "रुंद पट्टा वापरतो" एवढं पुरे.

होल्स्टर कमरेच्या आत लावत असाल तर पँटचा घेर त्या हिशेबाने मोठा हवा, साधारण दीड-दोन इंच. पट्ट्याची लांबीही तशीच. पँटवर छापलेल्या आकड्यावरून पट्टा मागवू नका, तो आकडा आणि टेपचं माप बहुतेक वेळा जुळत नाही. होल्स्टरसकट पँट घाला, आत्ताचा पट्टा लावा, ज्या भोकात बसतो तिथे खूण करा आणि बक्कलाच्या घडीपासून त्या खुणेपर्यंत मोजा. नव्या पट्ट्याचं मधलं भोक तिथे आलं पाहिजे. भोकांमधलं अंतर बहुधा एक इंच असतं. शिवून घेताना पाऊण इंच किंवा त्याहून कमी सांगा. जेवणाआधी आणि जेवणानंतर एकच भोक चालत नाही आणि एका इंचाची उडी फार मोठी होते.

पोट सुटलेलं असेल तर पट्टा पोटाखाली पुढे झुकतो आणि कुठलाही पट्टा तिथे टिकत नाही. अशांनी संकोच न करता शर्टाआड गॅलिस (खांद्यावरून पँटला लावायचे पट्टे) वापरावेत. वजन खांद्यावर जातं, पट्ट्याला फक्त होल्स्टर सरळ धरायचं काम उरतं.

बक्कल

दोन रंगांचे, उलटसुलट घालायचे पट्टे आपल्याकडे फार चालतात. त्यांचं फिरणारं बक्कल एका लहान खिळीवर असतं आणि पट्ट्याचं टोक दातेरी चिमट्यात दाबलेलं असतं. चिमटा सुटतो, खिळी झिजते आणि दोन्ही गोष्टी आधी सूचना न देता होतात. शस्त्रासाठी असा पट्टा वापरूच नका. दात्यांच्या पट्टीवर सरकत बसणारे ऑटो-लॉक पट्टे सोयीचे, कारण अर्धा सेंटिमीटर इतकं बारीक मागे-पुढे करता येतं. पण स्वस्तातल्या पट्ट्यांचा खटका मातीने किंवा झीज होऊन सुटतो. घेतलात तर खटका बंद करून पट्टा दोन्ही हातांनी झटके देऊन ओढून बघा. साधं, पितळी किंवा पोलादी, एका काट्याचं बक्कल सगळ्यांत भरवशाचं. ते पट्ट्याला स्क्रूने जोडलेलं असेल तर स्क्रूच्या आट्यांवर आटे पकडून ठेवणाऱ्या गोंदाचा (थ्रेडलॉकर) थेंब टाका, नाहीतर चालून-चालून तो ढिला होतो. मोठ्या नायलॉन पट्ट्यांची खटकेदार बक्कलं मजबूत असतात, मात्र ती लुप्पीतून जात नाहीत आणि इन-शर्टखाली बाहेर दिसतात.

जास्त आवळल्याचे परिणाम

वर म्हटलेला धोका हा. मऊ चामड्याचं किंवा कापडी होल्स्टर कमरेच्या आत असेल आणि पट्टा करकचून आवळला असेल तर शस्त्र बाहेर काढल्यावर होल्स्टरचं तोंड चपटं होतं. शस्त्र परत घालताना ती दुमडलेली कड चापाभोवतीच्या कडीत शिरू शकते. बोट बाहेर असतं, तरी चाप ओढला जातो. होल्स्टर असं हवं की पट्टा आवळलेला असतानाही त्याचं तोंड उघडं राहील आणि चाप पूर्ण झाकलेला असेल. तोंड मिटत असेल तर ते होल्स्टर बदला. तोपर्यंत होल्स्टर कमरेवरून पूर्ण काढून शस्त्र त्यात घाला आणि मगच दोन्ही मिळून कमरेला लावा. शर्टाचं टोक आत गेलं नाही ना, हेही दर वेळी डोळ्यांनी बघा.

दुसरा परिणाम शरीरावर. मांडीच्या बाहेरच्या अंगाला बधिरपणा, मुंग्या किंवा आग होणं सुरू झालं तर कंबरदुखी समजून मलम चोळत बसू नका. खुब्याच्या पुढच्या हाडाजवळून मांडीच्या त्वचेकडे एक संवेदी नस जाते आणि घट्ट पट्ट्याने ती दाबली जाते. ज्यांचं पोट मोठं आहे किंवा मधुमेह आहे, त्यांना हे लवकर होतं. पट्टा सैल करा, होल्स्टरची जागा थोडी मागे घ्या आणि बधिरपणा राहिला तर डॉक्टरांना पट्ट्याचा आणि वजनाचा मुद्दा आपणहून सांगा.

ज्यांच्या कपड्याला पट्टाच नाही

कुर्ता-पायजमा घालणारे कार्यकर्ते, नाडीच्या सलवारीवर शस्त्र बाळगणाऱ्या महिला, घरी ट्रॅक पँटवर असलेले. यांना एकच सांगणं: नाडीत किंवा इलॅस्टिकमध्ये शस्त्र खोचायचं नाही. होल्स्टर असलं तरी नाही. अमेरिकन फुटबॉलपटू प्लॅक्सिको बरेस २००८ च्या नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या एका नाइट क्लबमध्ये ग्लॉक पिस्तूल स्वेटपँटच्या कमरेत खोचून गेला होता. ते पायावरून खाली घसरू लागलं, पकडायला गेला आणि गोळी त्याच्याच मांडीत शिरली. पुढच्या वर्षी, तिथे परवाना नसलेलं शस्त्र बाळगल्याबद्दल, त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली. घसरणारं शस्त्र पकडायला हात आपोआप जातो आणि बोटं कुठे पडतील ते आपल्या हातात राहत नाही.

कुर्त्याखाली पँटच्या कटाचा, लुप्प्या असलेला पायजमा शिवून घ्या आणि त्यावर नेहमीचाच ३८ मिलिमीटरचा पट्टा. सलवार-कुर्ता किंवा साडी असेल तर पोटाला बांधायचा रुंद पट्टा मिळतो, पण त्यातही चाप झाकणारं कडक होल्स्टर हवं. शस्त्रासाठी वेगळा, बंद होणारा कप्पा असलेली अंगावरची पिशवीही चालते. त्या कप्प्यात किल्ली, पेन, लिपस्टिक काहीही नको आणि पिशवी खांद्यावरून उतरवायची नाही.

पावसाळा आणि पट्ट्याचं आयुष्य

कोकणात आणि घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर चामड्याचा पट्टा ओलावा धरतो, मऊ पडतो आणि वजनाखाली ताणतो. दोन पट्टे ठेवा आणि आलटून-पालटून घाला, एक वाळत असताना दुसरा. भिजलेला पट्टा उन्हात किंवा गॅसजवळ ठेवू नका. कोरड्या फडक्याने पुसून सावलीत, वाऱ्यावर, सरळ लटकवा. बुरशी आली तर मऊ ब्रशने घराबाहेर झटका आणि पुसा. खोबरेल किंवा शेंगदाणा तेल पाजू नका, चामडं मऊ होतं, खवट वास येतो आणि बुरशी आणखी धरते. वर्षातून एक-दोनदा मेणाचा पातळ हात पुरे. जमलं तर चार महिने सरळ नायलॉनचा पट्टा वापरा.

शस्त्र रात्री चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवून देऊ नका. चामड्यातला ओलावा आणि कमावतानाचे क्षार पोलादावर गंज आणतात, विशेषतः अंगाकडच्या बाजूला, जिथे घाम मुरलेला असतो. पुसून, तेलाचा हात फिरवून, कुलपात ठेवा.

महिन्यातून एकदा पट्टा पूर्ण काढून उजेडात बघा. तीन जागा महत्त्वाच्या: बक्कलाची घडी, नेहमीचं भोक आणि होल्स्टरखालचा भाग. घडीवर आडवी चीर, भोक गोलाचं लांबट झालेलं, कडेचे टाके तुटलेले किंवा दोन थरांमध्ये नख जाईल एवढी फट, यातलं काहीही दिसलं तर त्या पट्ट्यावर शस्त्र लावणं त्याच दिवशी बंद करा. टाके तुटले असतील तर पुन्हा शिवता येतात. फट चिकटवता येते, पण दाब देऊन रात्रभर वाळवून आणि पुन्हा शिवून. भोक लांबट झालेला किंवा घडीपाशी चिरलेला पट्टा दुरुस्त होत नाही. तो साध्या पँटीला वापरा आणि होल्स्टरसाठी नवा शिवायला टाका. नवा पट्टा आला की पहिले काही दिवस तो घरातच, रिकाम्या शस्त्रासह घालून बसा, उठा, वाका, गाडीत बसून बघा. कमरेचा आकार त्याला घेऊ द्या आणि तिन्ही रुंद्या पुन्हा एकदा मोजून मगच तो बाहेर घाला.